परत येताना दगड काढायचा

आयर्लंड
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

वहिनी,

पोहोचले. आईला एवढं वाचून दाखवलंस तरी पुरेल. बाकीचं तुझ्यासाठी आहे.

दादा रविवारी टोकावड्याला उतरून फोन लावतो, त्यात आई थोडा वेळ रडते, मग ‘जेवलीस का’ विचारते आणि रेंज जाते. म्हणून मी पत्रं लिहायचं ठरवलंय. वाडीवर टॉवर येईल तेव्हा येईल, पोस्टमन तरी वर चढतो.

गाव समुद्रकाठी आहे. वारा असा की बोलताना वाक्य तोंडातून निघून शेजारच्याच्या कानात जातं. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहते. खोलीत चियो नावाची जपानी मुलगी आहे. तीही माझ्यासारखीच इंग्रजी शिकायला आलीय. आमच्या शाळेत वीसेक देशांची मुलं आहेत आणि सगळी सारखीच घाबरलेली. मला वाटत होतं, मुरबाडच्या कॉलेजातून आलेली मी एकटीच अडखळेन. तसं नाही. हे कळल्यावर पहिल्या रात्री मला झोप लागली.

फलकावर आठवड्याचा कार्यक्रम लावतात. सोमवारी बोलिंग, बुधवारी सिनेमा, शुक्रवारी इथला नाच, शनिवारी दिवसभराची सहल. मला आधी राग आला. आश्रमशाळा चालवणाऱ्या संस्थेनं मला शिकायला पाठवलंय, भटकायला नाही. पण काल किल्ला बघायला गेलो आणि बसमध्ये मी जेवढं इंग्रजी बोलले तेवढं वर्गात आठवडाभर बोलले नव्हते. डबा उघडून दाखवताना, वाट विचारताना माणूस चुका मोजत नाही. सहलींचं काम बघणारी मरेड म्हणते, भाषा पायांनी शिकायची असते. वहिनी, मी परत आले की आश्रमशाळेच्या मुलांसाठी शनिवारची सहल सुरू करणार. भातसानगरला धरणाच्या भिंतीवर उभं करून त्यांच्याकडून इंग्रजीत पाण्याचं वर्णन करून घेईन. तू हसशील. हस.

चियोनं विचारलं, घरून निघताना तुमच्याकडे काय करतात? मी तिला शिवेवरच्या दगडांच्या राशीबद्दल सांगितलं. की वाडीतला जो कोणी बाहेर मुक्कामाला निघतो तो राखणदाराच्या राशीवर आपल्या हातानं दगड ठेवतो आणि म्हणतो, ‘जातो, वाट राख.’ परतला की तोच दगड आपल्या हातानं काढतो आणि म्हणतो, ‘आलो, घरी आलो.’ दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ती म्हणाली, आणि जो परतत नाही त्याचा? मी म्हटलं, तो राहतो. माझ्या बाबांचा अजून आहे.

माझा दगड नीट आहे ना? काळा, मधोमध पांढरा ठिपका असलेला. भिमीला सांग, आत्या तिच्यासाठी बाहुली आणणार आहे. मुरबाडहून आणलेली शिट्टीवाली चप्पल अजून वाजते का?

तुझी कुणाली


वरची वाडी
३ ऑक्टोबर

कुणाली गो,

पत्र आलं. पोस्टमन बोलला, “परदेशचं हाय, चहा पाजा.” पाजला. आईला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मी बोलली, आई, आता पाठ झालं असंल तुमाला, तर त्या उठून शिवेवर गेल्या, तुझा दगड बघायला. हाय गो तुझा दगड. तुझ्या बाबांच्या दगडाच्या वरच हाय. आई रोज बघून येतात. बोलतात, एक वर एक, बाप खाली लेक वर.

तुझी शाळा भारीच हाय. सोमवारी चेंडू, शुक्रवारी नाच, शनिवारी फिरती. आमी इथं रानातून लाकडं आणतो त्याला पन सहल बोलायचं का? तुझा दादा बोलतो, कंपनीत शिफ्टला जातो ती पन माझी सहलच. भिमीची चप्पल वाजते म्हणजे काय, डोकं उठवलंय. पीं पीं करत ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर. धोंडीबाई बोलली, बरं हाय, पोर कुठं गेली ते तरी कळतं.

भात पिवळं पडलंय. पंधरा दिवसांत कापणीला येईल. तुजी आठवण येणार, कारण विळा तुला धड धरता नाय येत तरी बडबडीनं काम सरतं.

सहलीला जा, पन डोंगरावर एकटी मागं राहू नको. नवीन जागा हाय.

राही


आयर्लंड
रविवार, २० ऑक्टोबर

वहिनी,

काल जे झालं ते सांगते. हसायचं की नाही ते तू ठरव.

कालची सहल डोंगरावर होती. त्याचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. घाटासारखा उंच नाही, पण उघडा. झाड नाही, नुसतं ओलं गवत आणि मेंढ्या. माथ्यावर दगडांची रास आहे, आपल्या घराएवढी. मरेडनं पायथ्यालाच सगळ्यांना एकेक दगड उचलायला लावला. म्हणाली, वर येणारा प्रत्येकजण राशीवर आपला दगड ठेवतो, फार जुनी चाल आहे.

मला इतका आनंद झाला, वहिनी. एवढा समुद्र ओलांडून आले आणि इथेही तेच! चियोनं दगड ठेवून परीक्षेसाठी काहीतरी मागितलं. बाकीच्यांनी फोटो काढले. मी माझा ठेवला आणि तोंडातून सवयीनं निघालं, “जाते, वाट राख.”

वारा थांबला. इथे वारा कधी थांबत नाही, म्हणून सगळ्यांनाच जाणवलं. मग धुकं आलं. मरेडनं शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली हाकललं. अर्ध्या वाटेवर मला आठवलं की दगड काढला नाही. इथले लोक काढत नाहीत, पण आपण काढतो ना. मी मागे वळले. चार पावलं गेले असेन. धुक्यात मला रास दिसली, राशीशेजारी कोणीतरी दिसलं, आणि मरेडनं माझा हात धरून ओढलं.

बसमध्ये चढले तर चियो माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “तू मघाशीच येऊन बसली होतीस. मी तुला चॉकलेट दिलं, तू घेतलं नाहीस. मग उतरलीस आणि रस्त्यानं चालत गेलीस. मी किती हाका मारल्या!” मी हसले. म्हटलं, सगळ्यांचे रेनकोट सारखेच, दुसरी कोणी असेल. पण माझी जागा ओली होती आणि तिला मेंढीच्या भिजलेल्या लोकरीचा वास येत होता.

आईला हे वाचून दाखवू नकोस. कापणी कुठवर आली?

कुणाली


वरची वाडी
२३ ऑक्टोबर

कुणाली,

तुजं नवीन पत्र अजून नाय आलं, तरी लिहिते. आधी मला सांग, तू तिथंच हायस ना?

रविवारी भर दुपारी मी खालच्या खाचरात भात कापत होती. बाकी सगळी जेवायला गेलती. मान वर केली तर पायवाटेनं तू येत होतीस. अंगात निळा रेनकोट, टोपी डोक्यावर. ऊन कसलं कडक, आन तुज्या अंगावरून पाणी गळत होतं. मी विळा टाकून उठली, “अगो कुणाली, अशी न सांगता?” बोलली. तू माझ्याकडं बघितलंस. वळखलंस असं नाय वाटलं. शिवेवर गेलीस, वाकलीस, दगड उचललास आन टेकाडामागं गेलीस. मी धावत गेली. कोण नाय. गवत ओलं होतं तेवढं.

राशीवर तुजा दगड नाय, कुणाली. बाबांचा एकटाच हाय.

तुझा दादा बोलला, “उन्हात डोकं फिरलं तुजं, दगड वांदरांनी पाडला असंल.” मी पन तेच बोलते स्वतःला. पन आईंनी ऐकलं. संध्याकाळी त्यांनी तुझ्या वाटचं ताट वाढलं आन झाकून ठेवलं.

तुझ्याकडं निळा रेनकोट हाय का?

लगेच लिही.

राही


आयर्लंड
१० नोव्हेंबर

वहिनी,

रेनकोट निळा आहे. शाळेनंच दिलाय, इथे आल्यावर. तुला तो माहीत असायचं कारण नाही.

मी बी.एस्सी. झालेय. वाडीत कोणाला भूत दिसलं की मीच समजावत आले. त्यामुळे पहिले दोन दिवस मी स्वतःलाच समजावलं. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आणि सहलींचा कार्यक्रम शेजारी ठेवून तारखा पाहिल्या. इथे मी शनिवारी बसमधून उतरून चालत गेले, असं चियो म्हणते. तू मला रविवारी पाहिलंस.

त्यानंतरच्या सहली सांगते. गेल्या शनिवारी मत्स्यालयात गेलो. काचेसमोर सगळ्यांचा फोटो काढला. त्यात मी नाही. मी चियोच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते, तिच्या खांद्यावरच्या कपड्याला हातानं दाबल्यासारखी चुणी पडलेली दिसते, मी दिसत नाही. चियो म्हणाली, काचेवर उजेड आलाय. बिचारी. ती घाबरलीय आणि मला घाबरवायचं नाही म्हणून विनोद करते. त्याआधीच्या शनिवारी बाजाराच्या गावाला जात होतो. चालक वाट चुकला. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस! बस थांबली तेव्हा खिडकीतून समोर तोच डोंगर.

मला काय वाटतं ते सांगू? आपल्या वाडीत दगड ठेवणं म्हणजे, मी या घरची, बाहेर चाललेय, माझी वाट राख. मी इथल्या राशीवर तेच बोलले. इथली रास राखणारं जे कोणी असेल त्याला मी सांगून बसले की माझं घर इथे. इथल्या कोणीच त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. ते नुसता दगड ठेवतात, बोलत काहीच नाहीत.

धोंडीबाईला विचार, राखणदाराचं सगळं तिलाच ठाऊक. आईला माझ्यासाठी दुसरा दगड ठेवता येईल का? आणि ती परत आली तर तिच्याशी बोलू नका.

कुणाली


वरची वाडी
२७ नोव्हेंबर

कुणाली,

ती येते गो.

आधी शिवेवर उभी राहायची. मग अंगणाच्या कडेला. आता ओट्यावर बसते, दुपारची, आमची जेवणं होतात तेव्हा. काय मागत नाय. डोंगराकडं तोंड करून बसते. उठून गेली की जागा ओली असते आन धनगराच्या वाड्यासारखा वास राहतो. कोंबड्या तिच्या पायात शिरतात, तिला त्यांचं काय नाय. तुझ्या दादाला एकदा ती बोलली, “चालत आले.” एवढंच. तो बोलतो, “तिथं काहीतरी वाईट झालं असंल, विमानानं पळून आली, लाजते बिचारी.” मी तुजी पत्रं दाखवली तर बोलतो, आधी लिहिलेली असतील, उशिरा पोचली.

धोंडीबाईला विचारलं. ती बोलली, “दुसऱ्याच्या हातचा दगड चालत नाय. जिचा दगड निघाला ती घरी आली. जिचा वर हाय ती बाहेर. राखणदार तोंड बघत नाय, दगड बघतो.” मी बोलली, पन ही आपली कुणाली नाय ना. तर बोलली, “उंबरा ओलांडला की होईल.”

तेच माझ्या हातात हाय, कुणाली. ती आपल्या पायानं उंबरा ओलांडत नाय. घरातल्या कोणी नाव घेऊन आत बोलवावी लागते. मी दाराशीच बसते. भात झोडायला पन गेली नाय, मजूर लावला. तुझा दादा चिडतो. आईंना सांगितलं, नाव नका घेऊ. त्या बोलल्या, “राही, मी एकाची वाट बघितली. किती वर्षं, तुला म्हाईत नाय. आता दारात आलेलं माणूस मी परत घालवू?” मी परत दाराशी जाऊन बसली गो.

भिमी तिला लांबनं बघते. काल बोलली, “आत्याच्या पायाचा आवाज येत नाय.”

पौषात म्हशा गावची जत्रा लागली की आई तिला संगती न्यायचं बोलतात. जत्रेहून आलं की घरात घेणार. त्याच्या आधी तू तो तिकडचा दगड काढ. कसा पन काढ.

राही


आयर्लंड
रविवार, १५ डिसेंबर

वहिनी,

काल गेले.

हिवाळ्यात शाळेची सहल तिकडे जात नाही. मरेड म्हणाली, वाट निसरडी आहे, मी परवानगी देणार नाही. मी आणि चियो साध्या बसनं गेलो आणि शेवटचं चालत. चियोला मी सगळं सांगितलंय. ती पायथ्याशी म्हणाली, “मी शेवटपर्यंत तुझा हात सोडणार नाही,” आणि सोडला नाही.

माथ्यावर ऊन होतं. इथे सगळे दगड पांढुरके, चुनखडीचे. मी माझा शोधायला वाकले आणि मला तो दिसला. मी इथे ठेवलेला नव्हे. माझा, वाडीचा. काळा, मधोमध पांढरा ठिपका असलेला. आपल्या शिवेवरून तिनं उचललेला. त्या सगळ्या पांढऱ्या दगडांत असा बसला होता जसा बाजारात अचानक आपल्या गावचा माणूस भेटावा. वहिनी, मला रडू फुटलं. मी तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. वाडीच्या मातीचा वास होता त्याला. चुलीचा धूर, भाताचा पेंढा, सगळं. वारा थांबला. मला इतकं शांत कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मी म्हटलं, “आले, घरी आले.”

मग आम्ही खाली आलो. चियो म्हणाली, तुझा चेहरा बदलला, आता तू बरी दिसतेस. आम्ही चहा प्यायलो. दगड खोलीत माझ्यासमोर टेबलावर आहे. तुला आनंदानं कळवायला म्हणून लिहायला बसले की दगड काढला, आता भीती नाही, दाराशी बसायची गरज

वहिनी, मी काय म्हटलं ते आत्ता लिहिताना वाचलं.

मी तिथे उभी राहून म्हटलं, घरी आले.

मी दादाला फोन लावत राहीन. लागेपर्यंत. आईला सांग, जानेवारीच्या शेवटी माझं विमान आहे. मी येते आहे. दार सोडू नकोस.

कुणाली


वरची वाडी
४ फेब्रुवारी २०२५

नमस्कार,

तुमी पाठवलेलं पत्र पोचलं. उत्तर द्यावं का नाय ते कळत नव्हतं. कुणाली बोलली, देऊन टाक वहिनी, त्यांना पन बरं वाटंल.

आमी सगळी म्हशाला जाऊन आलो. आईंना कुणालीनं हाताला धरून सगळी जत्रा फिरवली, बैलबाजारात पन. तुझा दादा, म्हणजे कुणालीचा दादा, त्याचा फोन तिथं वाजला. कुणालीनंच घेतला. थोडा वेळ ऐकत राहिली, मग बोलली, “राँग नंबर.” तेव्हा तुमीच होतात का? तसं असंल तर पुन्हा करू नका, आईंना दगदग होते.

परतल्यावर आईंनी तिला दारातनं हाक मारली. मी दाराशी होती, ते खरं हाय. का बसली होती ते आता नीट आठवत नाय. उगाच भात झोडायचं ठेवून बसली होती, खुळी. ती आत आली आन घर कसं थंडगार झालं, उन्हाळ्यात माठाजवळ बसल्यासारखं. बरं वाटलं सगळ्यांना.

आता ती आश्रमशाळेत जाते. दर शनिवारी मुलांना सहलीला नेते. भातसानगरला नेलं, धरणाच्या भिंतीवर उभं केलं, पोरं इंग्रजीत धडाधड बोलतात म्हणे. तिचं लय दिवसांचं स्वप्न होतं ते. गेल्या शनिवारी डोंगरावर नेली. माथ्यावर सगळ्यांकडनं एकेक दगड ठेवून घेतला, काहीतरी बोलायला शिकवलं. उतरताना उशीर झाला म्हणून दगड काढले नायत. भिमी हट्टानं गेलती, तिनं पन ठेवला.

पोरं फार शहाणी झालीत. दंगा करत नायत. भिमी दुपारभर ओट्यावर बसते, हलत नाय. चप्पल पन वाजवत नाय आता. घर शांत असतं.

तुमाला तिथं कोणी असंल तर त्यांच्याकडं जा. असं एकटं राहू नये.

राही


आयर्लंड
रविवार, २३ फेब्रुवारी

वहिनी,

तू मला तुमी म्हटलंस त्याचं मला काही वाटत नाही. हे पत्र मात्र पूर्ण वाच. ती घरात असेल तर बाहेर जाऊन वाच.

विमानाच्या दिवशी मी बसमध्ये बसले होते. धुकं आलं, आणि बस थांबली तेव्हा मी याच गावात होते. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी बॅग उघडून कपडे कपाटात लावले. चियो गेली. ती आपल्या घरी नीट पोचली, तिचा निरोप आला. तेवढ्यानंही मला धीर आला. मरेडनं मला शनिवारच्या सहलींचं काम दिलंय. नव्या मुलांना मी डोंगरावर नेते. दगड ठेवू देते, पण परतताना प्रत्येकाला आपला दगड आपल्या हातानं काढायला लावते, आणि बोलू कोणाला देत नाही. शेवटचा मुलगा उतरेपर्यंत राशीशेजारी उभी राहते. मुलं हसतात. हसू देत. माझी वाट गेली, त्यांची तरी राखावी.

आता ऐक. काल आम्ही वर गेलो तर राशीच्या माथ्यावर काळे दगड होते. आपल्याकडचे. लहान लहान, मुलांच्या मुठीत मावतील असे. मी एकालाही हात लावला नाही. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नसतो, आणि लावून उपयोग नाही, हे मला कोणी शिकवायला नको. ज्यानं ठेवला त्यानंच काढायला हवा. पत्र मिळेल त्याच दिवशी भिमीला त्या डोंगरावर घेऊन जा. कडेवर घे, सगळ्या मुलांना घे, आणि ठेवलेले दगड काढायला लाव. सगळे दगड अजून इथे आले नसतील; जे तिथे असतील त्यांना वेळ आहे. नसतील तर मला कळव.

आणि ओट्यावर बसते तिला एकदा चालायला लाव, वहिनी. पायात चप्पल घाल आणि अंगणात चालायला लाव.

कारण काल सगळी मुलं उतरली, मी एकटी राशीजवळ उभी होते, आणि वारा थांबला. धुक्यात खालच्या वाटेवरून कोणीतरी वर येत होतं. लहान पावलं. मेंढी नव्हती. मी खूप वेळ ऐकलं, मला वाटलं चुकतेय. पीं पीं, पीं पीं, चढ लागला की थांबायचं, परत पीं पीं.

मी ओरडून सांगितलं, वर येऊ नकोस, मागे फिर. ती थांबली. आज परत जाते आहे. ती वर पोचायच्या आत मला खाली उतरून तिच्याजवळ पोचायचंय, आणि तिथेच धरून ठेवायचंय, तू दगड काढून घेईपर्यंत.

वहिनी, तुझ्या ओट्यावर कोण बसलंय?

कुणाली